रिपोर्ट नॉर्मल आला, मग बाबा का विसरतात?

पत्र :

माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. जन्मभर हिशेब लिहिण्याची नोकरी केली, एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. गेल्या दीड वर्षापासून तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारतात. मागच्या महिन्यात त्यांनी विजेचं बिल दोनदा भरलं आणि दोन्ही पावत्या नीट टाचून ठेवल्या. एकदा रोजच्या वळणावरून उलट्या बाजूला गेले, ओळखीच्या माणसानं घरी आणून सोडलं. टीव्हीचा आवाजही हल्ली फार मोठा ठेवतात. डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं बोलून एमआरआय लिहून दिला. रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार मेंदूची सौम्य झीज, इतर दोष नाही’ असं आलंय. आई म्हणते, बघ, काही नाही, वय झालंय. दादा म्हणतो, पेट स्कॅन करू, त्यात अल्झायमर स्वच्छ दिसतो. पण बाबांना सांगायचं नाही, रूटीन तपासणी आहे म्हणू. मला दोघांचंही पटत नाही. शिवाय मी ४४ वर्षांची आहे आणि मलाही हल्ली माणसांची नावं पटकन आठवत नाहीत. मीही स्कॅन करून घ्यावा का?

– गोंधळलेली लेक

उत्तर :

तुमचे आई आणि दादा दोघंही अर्धे बरोबर आहेत, म्हणून तर तुमचा गोंधळ झालाय.

आधी आईंचं बघू. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे अल्झायमर नाही, असं होत नाही. या आजारात दोन प्रथिनं मेंदूत साचतात. अमायलॉइडचे डाग पेशींच्या बाहेर आणि टाऊचे गुंते पेशींच्या आत. एमआरआयला यातलं काहीच दिसत नाही. ॲलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं १९०६ मध्ये हे डाग आणि गुंते जगापुढे मांडले, तेही त्याच्या रुग्णबाईंच्या मृत्यूनंतर, मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. एमआरआय दाखवतो तो मेंदूचा आकार. प्रथिनं साचून बरीच वर्षं गेली, पेशी मरायला लागल्या, की मग कुठे आकारात फरक पडतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात माणूस विसरत असतो आणि चित्र मात्र ठीकठाक असतं, हे अगदी नेहमीचं आहे.

मग एमआरआय काढायचाच कशाला? दुसरं काही नाही ना, हे बघायला. घरच्यांना हे सहसा कुणी सांगत नाही, आणि ते बिचारे ‘अल्झायमर नाही’ असं समजून पेढे वाटायच्या बेतात असतात.

मी वर्षानुवर्षं विसरणाऱ्या माणसांच्या ओपीडीत बसले. एकदा एका आजोबांना ‘अल्झायमर झालाय’ म्हणून आणलं होतं. सून सहज बोलून गेली, ‘तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते हो.’ तीन आठवडे हे ऐकलं आणि मी पुढची हकीकत अर्ध्यावर थांबवून त्यांना स्कॅनला पाठवलं. अल्झायमर असा तीन आठवड्यांत येत नाही. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्ताचा थर साचला होता. महिन्या-दीड महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात घसरले होते आणि घसरल्याचं स्वतःच विसरले होते. कवटीला भोक पाडून रक्त काढलं. पुढच्या भेटीला आले तेव्हा खिशात घडी घातलेला पेपर होता.

अशी आणखी काही कारणं एमआरआयमध्ये सापडतात. न कळत होऊन गेलेले छोटे छोटे पक्षाघात, गाठ, किंवा मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठणं. या शेवटच्या प्रकारात विसरण्याच्या जोडीला पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते आणि लघवीवरचा ताबा सुटतो. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेनं बऱ्याच जणांना फरक पडतो. तुमच्या बाबांच्या एमआरआयनं हे सगळं बाद केलंय. ते त्याचं काम होतं आणि ते त्यानं केलं.

रिपोर्टमधल्या त्या एका ओळीवर मात्र माझं समाधान नाही. ‘वयोमानानुसार झीज’ हे वाक्य सत्तरीपुढच्या निम्म्याअधिक रिपोर्टांत शिक्का मारल्यासारखं असतं. झीज कुठे आहे, हे महत्त्वाचं. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो; नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम त्याचं. समोरून पाहिल्यासारखे उभे काप घेतले, की त्याच्या शेजारी पाण्याची एक बारीक फट दिसते. निरोगी माणसात ती पेन्सिलीच्या रेघेएवढी असते. झीज होते तशी फट रुंदावते, बाजूची पाण्याची पोकळी फुगते आणि हिप्पोकॅम्पस चपटा होत जातो. या बदलाला ० ते ४ असे गुण द्यायची पद्धत १९९२ पासून आहे. ढोबळमानानं पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त गुण म्हणजे वयाच्या मानानं अधिक झीज. पंचाहत्तरीनंतर ३ पासून काळजी.

तेव्हा पुढच्या भेटीला नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. न्यूरोलॉजिस्टना म्हणा, ‘हिप्पोकॅम्पस तुम्ही स्वतः बघा आणि मला गुण सांगा.’ यात आगाऊपणा काही नाही. चिठ्ठीवर फक्त ‘विसरतात’ एवढंच लिहिलेलं असेल, तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला नेमकं कुठे निरखायचं ते कसं कळणार? गुण जास्त आले तरी शिक्कामोर्तब होत नाही, कारण हिप्पोकॅम्पस इतर आजारांतही आकसतो, विशेषतः ऐंशीच्या पुढे. आणि कमी आले म्हणून सुटकाही नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात बोलकी वाटली ती वीजबिलाची गोष्ट. ज्या माणसानं आयुष्यभर जमा-खर्च जुळवला, त्याच्यासमोर दोन पावत्या टाचणीनं एकत्र आहेत आणि त्याला काही खटकत नाही! चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. इथे झालेली गोष्टच मनात नोंदली गेलेली नाही, आणि ज्या कामात हातखंडा होता तेच निसटतंय. ओळखीच्या वळणावर चुकणं हेही त्याच जातीचं. यावर ‘वय झालंय’ म्हणून पडदा टाकू नका, हे आईंना सांगा. प्रेमानं सांगा; त्यांचं ‘काही नाही’ हे बरंचसं भीतीतून आलंय.

पण या सगळ्याची रीतसर तपासणी अजून झालेलीच नाही. पाच-सात मिनिटांत स्मृती तपासता येत नाही. घड्याळ काढायला लावणं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारणं, शंभरातून सात सात वजा करत जाणं, ही छोटी चाचणीच दहा-पंधरा मिनिटं घेते, आणि मानसशास्त्रज्ञांकडची सविस्तर चाचणी तास-दोन तास. त्यातून कळतं की बाबांना आठवण साठवता येत नाही, की साठवलेली शोधता येत नाही. शब्दांचा घोटाळा आहे की लक्षाचा. यासोबत बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी हवी. औषधांची सगळी यादी हवी, कारण झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी माणूस धूसर होतो. झोप कशी आहे, घोरताना श्वास अडकतो का, मन खचलंय का, हेही विचारायला हवं. आणि टीव्हीचा आवाज! तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिलंत, पण कान तपासल्याशिवाय स्मृतीच्या चाचणीला बसवू नका. जो शब्द ऐकूच आला नाही, तो आठवणार कसा?

आता दादांचं. त्यांना विचारा, कोणता पेट?

पेट स्कॅन म्हणजे एक यंत्र. काय दिसणार ते शिरेतून दिलेल्या औषधावर ठरतं. कर्करोगासाठी ज्याचं नाव आपण ऐकतो, तो बहुतेक वेळा साखरेचा पेट. किरणोत्सारी खूण लावलेली ग्लुकोज टोचतात आणि मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते बघतात. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा वीस टक्क्यांच्या आसपास खातो, त्यामुळे सुस्तावलेला भाग लगेच उघडा पडतो. अल्झायमरमध्ये बहुधा मागचा-वरचा भाग आणि कानशिलाकडचा भाग मंदावतो. स्वभाव आणि वागणूक आधी बदलवणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, पुढचा भाग मंदावतो. ‘हा डिमेन्शिया कुठला’ असा पेच असेल तिथे हा स्कॅन उपयोगी. उपाशीपोटी जावं लागतं, साखर आटोक्यात लागते आणि टोचल्यावर अर्धा तास शांत, मंद उजेडाच्या खोलीत काही न करता बसायचं असतं. बाबा तेवढ्या वेळात ‘आपण इथे का आलोय’ असं पाचदा विचारतील. त्याची तयारी ठेवा.

दादांच्या मनात आहे तो बहुतेक अमायलॉइड पेट. पिट्सबर्गच्या संशोधकांनी अमायलॉइडला चिकटणारं एक औषध बनवलं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा माणसाला देऊन स्कॅन झाला आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. जिवंत माणसाच्या मेंदूतले ते डाग तेव्हा पहिल्यांदा असे दिसले, अल्झायमरच्या सूक्ष्मदर्शकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. मला आजही याचं अप्रूप वाटतं. अडचण एवढीच होती, की त्यातल्या कार्बनची किरणोत्सारी ताकद वीस मिनिटांत निम्मी व्हायची. औषध जिथे बनवलं तिथेच टोचावं लागे. नंतर ११० मिनिटांत निम्म्या होणाऱ्या फ्लोरीनची औषधं आली, ती गाडीतून दुसरीकडे नेता येतात. त्यातल्या पहिल्याला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. टाऊ दाखवणाऱ्या पेटला २०२० मध्ये.

चित्र कसं दिसतं ते सांगते. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला हे औषध सगळ्यांच्याच बाबतीत थोडं चिकटतं. त्यामुळे निगेटिव्ह स्कॅनमध्ये पानगळ झालेल्या झाडासारखा आकार दिसतो, फांद्या वेगळ्या आणि मधल्या जागा रिकाम्या. पॉझिटिव्ह स्कॅनमध्ये त्या जागा भरून जातात, रंग पार कडेपर्यंत पोचतो आणि झाडच हरवतं.

हे पाहिलं की कुणालाही वाटेल, झालं की निदान! पण अमायलॉइड असलेल्या प्रत्येकाला डिमेन्शिया असतोच असं नाही. अनेक देशांतली माहिती एकत्र करून २०१५ मध्ये एक हिशेब मांडला गेला: स्मृती उत्तम असलेल्या माणसांमध्येही वयाच्या पन्नाशीला साधारण १० टक्के आणि नव्वदीला ४४ टक्के जणांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून ते साचायला लागतं आणि काहींना लक्षणं येण्याआधीच आयुष्य संपतं. म्हणून पॉझिटिव्ह स्कॅनचं वजन लक्षणांबरोबर तोलावं लागतं. निगेटिव्ह स्कॅन मात्र फार कामाचा. विसरणं खरंच वाढलेलं असताना तो निगेटिव्ह आला, तर कारण अल्झायमर असण्याची शक्यता फारच कमी होते आणि शोध दुसरीकडे वळवता येतो.

मी पेटच्या विरोधात आहे असं समजू नका. तज्ज्ञांनी पूर्ण तपासूनही पेच सुटला नव्हता, अशा ११ हजारांहून जास्त लोकांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. अमायलॉइड पेटनंतर त्यांतल्या चारांतल्या एकाचं निदान अल्झायमरवरून दुसऱ्या कशाकडे गेलं, दहांतल्या एकाचं उलट अल्झायमरकडे आलं, आणि साठ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या उपचारांत किंवा पुढच्या नियोजनात बदल झाला. म्हणजे जाणती माणसंही नुसत्या लक्षणांवरून बऱ्यापैकी चुकतात. त्या चुकणाऱ्यांत मीही होते. पण हे सगळे रुग्ण सविस्तर तपासणीच्या पायऱ्या चढून आलेले होते. तुमचे बाबा अजून पहिल्या पायरीवर आहेत.

त्या तपासण्या झाल्या, तरीही न्यूरोलॉजिस्ट ‘बहुधा अल्झायमर, पण खात्री नाही’ म्हणाले, तर पेटचा विचार जरूर करा. खास करून उपचाराच्या नव्या औषधांचा प्रश्न आला तर. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही मेंदूतलं अमायलॉइड काढतात आणि ते तिथे आहे हे सिद्ध झाल्याशिवाय देता येत नाहीत. फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतात. गेलेली स्मृती परत आणत नाहीत. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, इतकंच. मेंदूला सूज येणं, बारीक रक्तस्राव होणं हे धोके आहेत, म्हणून आधी आणि उपचार चालू असताना परत परत एमआरआय काढावा लागतो. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. जिथे ही औषधं मिळण्यासारखी नाहीत किंवा द्यायचीच नाहीत, तिथे पेटनं काय बदलणार हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारा. अमायलॉइड पेटमधला किरणोत्सार वर्षभरात निसर्गातून मिळतो त्याच्या दोन-तीन पट असतो. बाहत्तरीत त्याची फार चिंता नको, पण नुसत्या कुतूहलापोटी घ्यायची ती गोष्ट नव्हे.

रक्ताच्या चाचण्याही आल्यात. टाऊचं एक रूप आणि अमायलॉइड यांचं प्रमाण रक्तात मोजणाऱ्या पहिल्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पुढे कित्येकांचा पेट यामुळे वाचेल असं मला वाटतं. तुमच्या डॉक्टरांकडे ती सोय असेल, तर पेटच्या आधी तिचं विचारा.

‘बाबांना सांगायचं नाही’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. विसरत असले तरी ते मूर्ख नाहीत. कुणी काहीतरी लपवतंय हे अशा माणसांना चटकन कळतं, आणि काय लपवलं ते विसरले तरी लपवल्याचा सल राहतो. एकदा माझ्याकडून काय झालं ते ऐका. एका बाईंना मी दारातच म्हटलं, ‘यांचा स्कॅन पॉझिटिव्ह आलाय.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना डॉक्टर?’ मागे त्यांचे यजमान उभे होते. ते शांतपणे म्हणाले, ‘नाही गं, उलट असतं यांचं.’ त्या दिवसापासून मी स्कॅनच्या आधीच दोघांना समोर बसवून विचारायला लागले: उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, तुम्हाला ते कळायला हवंय का? काही जण नको म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे. बहुतेक जण हो म्हणतात, कारण आपलं काहीतरी बिनसलंय हे त्यांना घरच्यांच्या आधी जाणवलेलं असतं. बँकेचे व्यवहार, सह्या, मृत्युपत्र हे सगळं बाबांना आज स्वतः ठरवता येईल. आणखी तीन वर्षांनी येईलच असं नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा स्कॅन. करू नका. आई-वडिलांना सत्तरीत अल्झायमर झाला तर मुलांचा धोका थोडा वाढतो, पण पिढ्यान्‌पिढ्या थेट वारशानं येणारा प्रकार फार विरळा, सगळ्या रुग्णांत एका टक्क्याच्या आसपास, आणि तो बहुधा साठीच्या आतच गाठतो. लक्षणं नसताना अमायलॉइड पेट करू नये असं तज्ज्ञांची मार्गदर्शक सूत्रंही सांगतात. पॉझिटिव्ह आला तर तुम्ही पुढची वीस वर्षं प्रत्येक हरवलेल्या किल्लीला घाबराल, आणि निगेटिव्ह आला तरी साठीची हमी मिळणार नाही. नाव जिभेवर येऊन अडकणं आणि संध्याकाळी अंघोळ करताना आठवणं, हे चव्वेचाळिशीत, शिवाय घरात वडिलांची काळजी असताना, होणारच. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, झोप पुरी करा. नाव मागाहूनही आठवेनासं झालं किंवा कामात चुका व्हायला लागल्या, तर मला परत लिहा.

या आठवड्यात एवढंच करा: बाबांच्या कानांची तपासणी, आणि एका कागदावर तारखांसकट हकीकत. पहिल्यांदा कधी खटकलं, काय झालं, आता पूर्वीपेक्षा काय जमत नाही. आई, दादा आणि तुम्ही तिघांनी वेगवेगळं लिहा, एकमेकांचं वाचू नका. काय जुळतं आणि काय नाही, ते बघून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. दादांना भेटीला सोबत न्या. आणि वीजबिलाच्या त्या दोन पावत्या टाचणीसकट फाइलमध्ये घाला, सीडीच्या वर.